कॅरव्हॅन ओढायला पिकअप: आधी वजनकाट्यावर जा, मग शोरूममध्ये

गेलं वर्षभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे, पिकअप कुठली घ्यायची. कारण एका फॅब्रिकेटरकडे आम्ही छोटी कॅरव्हॅन बांधायला दिलीय, म्हणजे मागे लावून ओढायची ट्रेलरवाली, आत झोपायची सोय, छोटा ओटा आणि मुख्य म्हणजे स्वतःचं टॉयलेट. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि सासऱ्यांना डायबिटीस आहे, प्रवासात दर तासाभरानं थांबावं लागतं, आणि पंढरपूरला किंवा कोल्हापूरला जाताना वाटेत स्वच्छ टॉयलेट शोधणं हा काय प्रकार असतो ते घरात वयस्कर माणसं असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तर ही हौस कमी आणि गरज जास्त आहे, म्हणून मी हा विषय मनापासून घेतला आणि जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मराठीत याच्यावर शोधलं तर मला जवळजवळ काहीच सापडलं नाही.

पहिली गोष्ट सांगते, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पिकअप निवडायची सुरुवात पिकअपपासून करायचीच नाही. कॅरव्हॅनपासून करायची, आणि तीसुद्धा रिकामी कॅरव्हॅन नाही तर भरलेली. बांधणारा सांगतो ८०० किलो, ते बरोबरच असतं, पण ते नुसत्या डब्याचं वजन. त्यात ६० लिटरची पाण्याची टाकी भरली की ६० किलो झाले, घरचा १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे लोखंडासकट तीसेक किलो, इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर जाते, एसी लावला तर तो आणखी चाळीसेक, मग गाद्या, भांडी, तांदूळ, कपडे, खुर्च्या, बाहेर बांधायची ताडपत्री, आणि चवथीनंतर गावी जायचं असेल तर वर दोन नारळाची पोती. आमची बेरीज ११५० च्या आसपास आली. हा खरा आकडा, याच्यावरच पुढचं सगळं उभं राहतं.

आता बहुतेक लोक काय करतात, हा आकडा घेतात आणि विचारतात की गाडी किती ओढते? इंजिन किती ताकदीचं? टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, किती? आणि इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते, कारण आजच्या कुठल्याही डिझेल पिकअपला ११५० किलो ओढणं जड नाही. इसुझूच्या व्ही-क्रॉसला १.९ लिटरचं डिझेल इंजिन आहे, १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क. टोयोटाच्या हायलक्सला २.८ लिटरचं, २०४ पीएस, मॅन्युअलमध्ये ४२० एनएम आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. आमच्या गोव्यातल्या तिस्क-उसगावच्या बाजूला खनिजाचे टिपर ज्यांनी चालवलेत त्यांना विचारा, ओढायला काय लागतं ते त्यांना माहीत आहे, पण ते ओढण्याबद्दल बोलतच नाहीत. शेजारचे एक काका, २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडेपर्यंत रोज भरलेला टिपर चालवायचे आणि २०१८ ला परत सगळं थांबलं तेव्हा गाडी विकून मोकळे झाले, त्यांना मी ब्रोशर दाखवलं तर त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "बाय, चढावर गाडी चढते गो, नाही चढली तर थांबते. उतारावर तुला कोण धरणार ते यात लिहिलंय काय?"

मला त्यांचं हे वाक्य फार पटलं आणि नंतर मी जे जे वाचलं त्यात तेच खरं निघालं. पण उताराकडे मी मागाहून येते, आधी पेलोड.

पेलोड म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते. ओढायचं वजन वेगळं आणि अंगावरचं वजन वेगळं, आणि कॅरव्हॅन मागे लावली की तिचं थोडं वजन गाडीच्या हुकावर बसतं, ते अंगावरच्या वजनात धरावं लागतं. एका एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीच्या, छोट्या ट्रेलरला हे हुकावरचं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असं अमेरिकेत मानतात. म्हणजे आमच्या ११५० किलोला ११५ ते १७० किलो. मी १४० धरलं.

आणि हे १४० किलो मागच्या चाकांच्या बरोबर वर बसत नाहीत, तर चाकांच्या बऱ्याच मागे, बंपरच्याही बाहेर बसतात. सी-सॉसारखं होतं, मागचं टोक दाबलं की पुढचं उचललं जातं. हिशोब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर धरा आणि मागच्या एक्सलपासून हुकाचा गोळा १.४ मीटर मागे धरा, तर हुकावर १४० किलो ठेवल्यावर मागच्या एक्सलवर जवळजवळ २०३ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ६३ किलो कमी होतात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि सगळ्यात जास्त काम करणारे ब्रेक, त्यांच्यावरचं वजन कमी झालं म्हणजे पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर काय होईल ते कळतंच. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले, हेडलाइट वर झाल्या, समोरचा माणूस रात्री डिपर मारतोय असं दिसलं की समजायचं वजन जास्त मागे गेलंय.

आता आमची बेरीज बघा. घरची पाच माणसं, सगळी मिळून ३१० किलो. हुकावर १४०. टो-बार, म्हणजे चासीला लावायचं लोखंड, ३५ किलो. हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, जॅक, टूल, दोरखंड, एक छोटा जनरेटर, पाण्याचे कॅन, ६० किलो. झाले ५४५. आणि अजून हौद्यावर झाकण लावलं नाही, साइड स्टेप लावल्या नाहीत, पुढे तो मोठा बंपर नाही जो लोक शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या लावतात. प्रत्येक लोखंडाचा तुकडा पेलोडमधून वजा होतो हे कुणी सांगत नाही.

मग गाडीचा पेलोड कुठे बघायचा? ब्रोशरवर अजिबात विसंबू नका, त्यात कधी माणसं धरून लिहिलेलं असतं, कधी माणसं सोडून, आणि विकणाऱ्यालाही ते सांगता येत नाही. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, त्यांची वजाबाकी करा. तोच खरा आकडा. व्हेरियंट बदललं की आकडा बदलतो, फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल यांचंच वजन कितीतरी असतं, त्यामुळे मित्राच्या फोर बाय टूची (जोर दोनच चाकांना) आरसी बघून आपली फोर बाय फोर घेऊ नका. आणि डबल कॅब, पाच सीटवाली, आरामदायक पिकअप बघायला मोठी दिसते पण सिंगल कॅब मालवाहू गाडीपेक्षा बरंच कमी उचलते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला नवल वाटलं. पण बरोबर आहे ना, ती केबिन, ते सीट, त्या एअरबॅग, सगळं वजन आधीच गाडीत भरून दिलेलं आहे.

हाच घोळ अमेरिकेत जास्त मोठ्या आकड्यांत होतो. माझा आत्तेभाऊ डॅलसजवळ राहतो, तिकडे सुट्टीत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरणं ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि त्यानं मला हे सगळं फोनवर समजावलं. तिकडे फोर्ड एफ-१५० सारख्या गाडीला हाफ-टन म्हणायची जुनी पद्धत आहे, त्याच्यावर थ्री-क्वार्टर टन, वन टन, आज त्या नावांचा खऱ्या वजनाशी काही संबंध उरलेला नाही. जाहिरातीत दहा-बारा हजार पाऊंड ओढते असं लिहिलेलं असतं. पण ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर एक पिवळी पट्टी असलेला स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाऊंडांच्या वर जाता कामा नये, आणि तो आकडा त्या एकाच गाडीचा असतो, फॅक्टरीतून जे जे बसवून आलं ते धरून. समजा स्टिकरवर १५०० पाऊंड आहेत, म्हणजे ६८० किलो. ट्रेलर भरून ७००० पाऊंड, त्याच्या १३ टक्के हुकावर म्हणजे ९१० पाऊंड. घरातली चार माणसं ६०० पाऊंड. झाले १५१०. गाडी अजून तीन ते पाच हजार पाऊंड जास्त ओढू शकते असं जाहिरात म्हणते, आणि इथे अंगावरचं वजन संपलंसुद्धा, कूलबॉक्स ठेवायलाही जागा नाही. भाऊ म्हणतो की तिकडे सगळे अनुभवी लोक हेच सांगतात, टोइंग संपायच्या आधी पेलोड संपतो. आपल्याकडे गाड्या लहान, ट्रेलर लहान, पण गणित तेच.

तिकडची एक गोष्ट मात्र मला फार आवडली, ती म्हणजे ओढायचा आकडा काढायची एकच ठरलेली परीक्षा आहे. एसएई (तिकडची वाहन इंजिनिअरांची संस्था) जे-२८०७ असं त्या मानकाचं नाव, २००८ मधलं. त्याच्या आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा सांगायची. या परीक्षेत अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, अकरा मैलांच्या वर लांब चढ, ३८ डिग्रीच्या उन्हात, एसी फुल चालू ठेवून, ट्रेलर लावून गाडी चढवायची आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. टोयोटानं २०११ च्या टुंड्राचे आकडे सगळ्यात आधी या पद्धतीनं दिले आणि मग हळूहळू बाकीचे आले. चढावर सुरुवात करता येते का, ब्रेक धरतात का, ट्रेलर डुलतो का, तेही तपासतात. आपल्याकडे असं काहीतरी असतं तर मी अनमोडचा घाट सुचवला असता, मोलेपासून वर, मे महिन्यात दुपारी दोन वाजता.

आणि म्हणूनच एक इशारा देते. हायलक्स ऑस्ट्रेलियात ब्रेकवाला ट्रेलर ३५०० किलोपर्यंत आणि बिनब्रेकचा ७५० किलोपर्यंत ओढते असं तिथले आकडे सांगतात, आणि आपल्याकडचे लोक हाच आकडा इथे सर्रास सांगतात. तिथली गाडी, तिथले पाटे, तिथला टो-बार, तिथलं कूलिंग आणि तिथला कायदा धरून तो आकडा आहे. इथल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच आपलं, आणि लिहिलेलं नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी मागा. तोंडी उत्तरावर ३० लाख रुपये घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घाट.

गोव्यातून कॅरव्हॅन घेऊन वर देशावर जायचं तर घाट चढावाच लागतो, चोर्ला घ्या, अनमोड घ्या, नाहीतर सावंतवाडीवरून आंबोली. आणि येताना तोच उतरायचा, तोही थकून, बहुतेक वेळा संध्याकाळी. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच आहे. समजा आपण पायथ्यापर्यंत ६०० मीटर उतरतोय आणि गाडी, माणसं, कॅरव्हॅन मिळून साडेतीन टन आहे. शाळेतलं फिजिक्स काढून हिशोब केला तर २ कोटी ज्यूल ऊर्जा येते. एवढ्या उष्णतेनं ७० लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. हवेचा विरोध आणि टायर थोडी खातात, इंजिन ब्रेकिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला मागे धरतं ते, बरीच खातं जर तुम्ही लहान गिअरमध्ये असाल तर, आणि उरलेली सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाते. व्ही-क्रॉस काय आणि हायलक्स काय, दोघींना मागे ड्रम ब्रेकच आहेत. ड्रम तापला की लायनर पकडत नाही, पेडल दाबलं जातं पण गाडी धरत नाही, वास यायला लागतो, आणि तेव्हा आपण घाटाच्या मध्यावर असतो.

काकांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, किंवा एक खाली, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाक, उतारावर गेल्यावर नाही. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, जरा जोरात दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा. खनिज भरून रोज उतरणाऱ्या माणसाचं हे ज्ञान आहे, मी ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा वर ठेवते. ऑटोमॅटिक घेणार असाल तर मॅन्युअल मोड आहे का आणि तो गिअर खरंच धरून ठेवतो का, हे टेस्ट ड्राइव्हला घाटात नेऊन बघा. पणजीत मांडवीच्या पुलावर एक चक्कर मारून काहीही कळत नाही.

यावरून मी एका ठाम निष्कर्षाला आलेय, की पिकअपच्या वरच्या व्हेरियंटवर दोन लाख घालण्यापेक्षा कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक लावण्यावर पैसे घाला. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि ते उगाच नाही. दोन प्रकार आहेत. एक ओव्हररन ब्रेक, गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलला जातो, हुकातला दांडा आत दबतो आणि त्या दाबानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधा, वायरिंग नाही, पण लांब उतारावर इंजिन ब्रेकिंगनं उतरताना ट्रेलर सतत ढकलतच असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक हलके घासत राहून तापतात, आणि रिव्हर्स घेताना लॉक सोडायची सोय असावी लागते. दुसरा इलेक्ट्रिक, ट्रेलरच्या ड्रममध्ये मॅग्नेट आणि ड्रायव्हरजवळ एक कंट्रोलर. याचा मोठा फायदा म्हणजे गाडीचा ब्रेक न दाबता नुसते ट्रेलरचे ब्रेक हातानं लावता येतात, आणि ट्रेलर डुलायला लागला तर त्याच्यासारखा उपाय नाही.

डुलणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मागचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, प्रत्येक झोका मोठा होत जातो आणि शेवटी तो गाडीलाच फिरवतो. मुख्य कारण म्हणजे मागे जास्त सामान भरून हुकावरचं वजन कमी होणं, आणि दुसरं कारण वेग. मोठा ट्रक शेजारून गेला किंवा झुआरीच्या नव्या पुलावर बाजूनं वारा लागला की सुरुवात होते. तेव्हा घाबरून गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलर असेल तर ट्रेलरचे ब्रेक हळू लावायचे.

इथे पिकअप का आणि एसयूव्ही का नाही, याचं उत्तर पण आहे. चाकांमधलं अंतर जितकं लांब तितका मागचा ट्रेलर गाडीला कमी हलवू शकतो. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, फॉर्च्युनरचा २७४५, स्कॉर्पिओ-एनचा २७५०, आणि हायलक्सचा ३०८५, व्ही-क्रॉसचा ३०९५. नवऱ्याला थार फार आवडते, आणि गाडी चांगलीच आहे, पण पाच माणसं आणि मागे कॅरव्हॅन हे तिचं काम नाही. पिकअपला मागे पाटे असतात ते वजनाखाली कमी बसतात, चासी शिडीची, टो-बार थेट चासीला बोल्ट करता येतो. रिकामी असताना मागून आदळते हे खरं आहे, सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून बघितलं तर त्यांनी नाक मुरडलं, पण हुकावर वजन आल्यावर ती बऱ्यापैकी मऊ होते.

स्वस्तातला पर्याय म्हणून बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धाची डबल कॅब पण बघितली. उचलायला दोन्ही दणकट, कॅम्पर तर गावोगाव आहे, कुठलाही मेकॅनिक उघडून दुरुस्त करतो. पण इंजिनांची ताकद कमी, कॅम्परचा टॉर्क २०० एनएमच्या आसपास, ११५० किलोची उंच पेटी मागे घेऊन चोर्ला चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये मागे गाड्यांची रांग लावून जायचं. आणि बहुतेक पिवळ्या नंबरप्लेटवर येतात, म्हणजे फिटनेस, वेगमर्यादेचं यंत्र, बाकीची कागदपत्रं. घरच्या वापराला पांढऱ्या प्लेटवर मिळणारी गाडी बरी. महिंद्रानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये केपटाऊनला एक पिकअप दाखवली होती, स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली, तिची वाट बघत बरेच जण थांबलेत. मला तेवढा धीर नाही, सासऱ्यांचं वय थांबत नाही.

फोर बाय फोर लागते का? समुद्रकिनाऱ्यावर न्यायला म्हणून विचारत असाल तर तो विषयच सोडा, गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदा आहे आणि असायलाच हवं, कासवं अंडी घालतात तिथे आपली चाकं कशाला. पण आमच्याकडे पावसात कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) तांबड्या मातीच्या वाटेवर किंवा जत्रेच्या मैदानात ओल्या गवतावर ट्रेलर लावून मागची दोन चाकं जागच्या जागी फिरत राहतात, तिथे फोर बाय फोरच कामाला येते. आणि लो रेंजचा, म्हणजे गाडी अगदी हळू पण जास्त जोरानं चालवणाऱ्या गिअरचा, खरा उपयोग म्हणजे चढावर, मुंगीच्या वेगानं, कॅरव्हॅन रिव्हर्स घेताना. हाय म्हणजे नेहमीच्या रेंजमध्ये मॅन्युअल गाडीचा क्लच जळून जाईल इतका अर्धा दाबून ठेवावा लागतो. फक्त हे लक्षात ठेवा की या गाड्यांचं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर वापरायचं नसतं, पुढची आणि मागची चाकं एकाच वेगानं फिरवली जातात, वळताना सगळा ताण गिअरमध्ये अडकतो. ओलं, मातीचं, निसरडं असेल तिथेच.

क्लचचा विषय निघाला म्हणून, मी ऑटोमॅटिकच्या बाजूची आहे. चढावर सुरू करताना आणि रिव्हर्सला ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर फार सांभाळून घेतो. ट्रान्समिशनचं तेल मात्र कंपनी म्हणते त्याच्या आधीच बदलायचं.

गोव्याच्या काही खास गोष्टी आहेत त्या बाहेरच्या कुठल्याही लेखात मिळणार नाहीत. लांबी. पिकअप ५.३ मीटर, कॅरव्हॅन दांड्यासकट साडेचार-पाच मीटर, म्हणजे दहा मीटरची गाडी आपण चिऱ्यांच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) नेणार, जिथे समोरून बस आली तर एकाला मागे जावं लागतं, आणि ट्रेलर लावून मागे जाणं शिकायला वेळ लागतो, स्टिअरिंग उलट फिरवायचं असतं. मी रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात मित्राच्या होडीचा ट्रेलर घेऊन सराव करतेय. फेरीबोट पण ट्रेलर घेऊन टाळाच. दिवाडी-चोडणला जायचं असेल तर ओहोटीच्या वेळी बोटीचा उतरता रॅम्प इतका वाकडा होतो की हुकाची जागा किंवा कॅरव्हॅनचं मागचं टोक काँक्रीटला घासेल. गाडी घेताना मागचा टो-बार जमिनीपासून किती उंच राहतो ते टेप लावून मोजा, आणि कॅरव्हॅन जोडल्यावर ती जमिनीला समांतर दिसली पाहिजे, नाक वर करून चालली तर डुलणारच.

आणि गंज. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात चासी किती लवकर धरते ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. टो-बार साधा रंगवलेला घेऊ नका, गॅल्वनाइज करून घ्या, कॅरव्हॅनची चासीसुद्धा. दिव्यांच्या प्लगच्या पिना दरवर्षी पावसाआधी साफ करून ग्रीस लावायच्या, बेरिंगला ग्रीस भरायचं. कॅरव्हॅन वर्षाचे दहा महिने उभी राहते, टायरची नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं, टायरवरचे चार आकडे वाचा, २४२३ म्हणजे २०२३ च्या २४व्या आठवड्यात बनलेला.

कायद्याचं थोडक्यात. मोटर वाहन कायदा १९८८ मध्ये मोटर वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे कॅरव्हॅनचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, नुसती बनवून ओढून चालत नाही. बांधणाऱ्याकडे मंजुरीचे कागद आहेत का हे पैसे देण्याआधी बघा. इन्शुरन्सवाल्याला पण लिहून कळवा की या गाडीमागे ट्रेलर लागणार आहे आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

वजन करायचं कसं तेवढं सांगते. कॅरव्हॅन प्रवासाला भरतो तशी भरायची आणि वजनकाट्यावर न्यायची. आमच्या बाजूला खाणींमुळे काटे आहेत, थोडे पैसे देऊन पावती मिळते. पण तो काटा मोठ्या ट्रकांसाठी, त्यावर हुकाचे १४० किलो नीट कळत नाहीत. त्यासाठी घरचा माणसं जोखायचा काटा घ्या. एक मजबूत फळी, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही एका पातळीत, आणि कॅरव्हॅनचा हुक फळीवर विटेपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवा. काट्यावर येईल त्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करून ३ ने गुणा. वजन कमी आलं तर सामान थोडं पुढे सरकवा, जास्त आलं तर एक्सलच्या दिशेनं मागे. कितीही झालं तरी जड वस्तू एक्सलच्या वर आणि खाली जमिनीलगत.

तर आमचं काय ठरलं. माझा कल व्ही-क्रॉस फोर बाय फोर ऑटोमॅटिककडे आहे. हायलक्सचं इंजिन जास्त ताकदीचं आहे यात वाद नाही, आणि आमची कॅरव्हॅन दोन टनांची असती तर मी डोळे मिटून तिकडे गेले असते, पण ११५० किलोला ३६० एनएम पुरतात आणि वाचलेल्या पैशात इलेक्ट्रिक ब्रेक, गॅल्वनाइज्ड टो-बार आणि बाजूला लांब येणारे आरसे होतात. पेलोडची बेरीज आम्ही ५४५ वरून खाली आणली, जनरेटर काढला, पाण्याची टाकी मुक्कामी पोचल्यावर भरायची, जॅक आणि टूल कॅरव्हॅनच्या एक्सलवर गेले. डीलरकडे त्याच व्हेरियंटच्या आरसीची प्रत मागितलीय. ती आली की वजाबाकी करणार, आणि उरलेला आकडा आमच्या बेरजेच्या वर असेल तरच बुकिंगचा चेक देणार. नसेल तर हायलक्सची आरसी मागणार, आणि तिथेही जमलं नाही तर कॅरव्हॅनवाल्याला सांगून एसी आणि एक बर्थ कमी करणार, पण पाचही माणसं एका गाडीतून जाणार हे नक्की.

कुणी गोव्यात किंवा सिंधुदुर्गात इलेक्ट्रिक ब्रेकचा एक्सल बसवून घेतला असेल तर मला जरूर कळवा, मॅग्नेट खाऱ्या हवेत किती टिकतात आणि सुटे भाग कुठून आणता, एवढं मला अजून कुणाकडून पक्कं कळलेलं नाही.